आधी सांगा, मग बघा

“काल झोप कशी लागली?” असं विचारलं की हल्ली बरीच माणसं आधी मनगटाकडे बघतात. मग उत्तर येतं, “पाच तास चाळीस मिनिटं. स्कोअर बासष्ट.” झोप कशी लागली हा प्रश्न तसाच राहतो. उठल्यावर अंग मोकळं होतं की जड, पहाटे जाग आली तेव्हा मनात काय घोळत होतं, यातलं काहीही त्या बासष्टमध्ये नसतं. सांगणाऱ्यालाही ते आठवून बघावंसं वाटत नाही, कारण त्याच्या लेखी उत्तर देऊन झालेलं असतं.

व्यक्तिकेंद्रित पद्धतीने काम करणाऱ्या समुपदेशकाने अशा वेळी काय करावं, हा या पुस्तकाचा विषय. फिटनेसचं घड्याळ चांगलं की वाईट या वादात आम्ही पडलेलो नाही. ते आलेलं आहे. दोन हजार रुपयांच्या आत मिळतं, दिवाळीला ऑफिसातून भेट येतं, वाढदिवसाला मुलं आईवडिलांना देतात. समुपदेशनाच्या खोलीबाहेर चपला काढणारा माणूस घड्याळ घालूनच आत येतो. ते मनगटावर नाहीच असं धरून चाललो, तर त्या माणसाच्या दिवसाचा बराच भाग आपण ऐकायचं नाकारतो. आणि त्यातले आकडे पुढ्यात घेऊन बसलो, तर माणूस बाजूला राहतो आणि आपण आलेख वाचत बसतो. या दोन्हींच्या मधली वाट शोधण्यासाठी हा खटाटोप.

व्यक्तिकेंद्रित पद्धत अमेरिकेतल्या कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांची. १९४२ आणि १९५१ साली आलेल्या त्यांच्या दोन पुस्तकांनी तिची मांडणी केली, आणि १९५७ च्या एका छोट्या लेखात त्यांनी माणूस बदलायला कोणत्या अटी पुरेशा असतात ते लिहिलं. त्यातल्या तीन सगळ्यांना पाठ असतात: समुपदेशकाचा खरेपणा, समोरच्याचा बिनशर्त स्वीकार आणि समानुभूती. आपल्या विषयाला मात्र रॉजर्सचा आणखी एक विचार जास्त लागू पडतो, आणि तो अभ्यासक्रमात बहुधा घाईत उरकला जातो. लहानपणापासून आपल्याला प्रेम मिळतं ते अटींवर: अभ्यास केलास तर, रडला नाहीस तर, पाहुण्यांसमोर नीट वागलीस तर. हळूहळू या अटी आपल्याच होऊन बसतात. आपल्याला काय वाटतं याचा निवाडा आपण बाहेर कुणाकडून तरी मागून घेऊ लागतो. समुपदेशनात होतं ते इतकंच, की निवाड्याची ही जागा हळूहळू बाहेरून आत येते.

आता या विचाराशेजारी मनगटावरचं यंत्र ठेवून बघा. दिवसाला दहा हजार पावलं हे लक्ष्य कोणी ठरवलं? टोकियोत १९६४ साली ऑलिंपिक झालं, त्यानंतर चालण्याची हवा आली, आणि १९६५ मध्ये यामासा नावाच्या जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. दहा हजार हा आकडा त्या यंत्राच्या नावातच होता. तो कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून निघालेला नव्हता. पुढे २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी बहात्तर वर्षं वयाच्या अमेरिकी स्त्रियांची पावलं मोजली. त्यांच्यात मृत्यूचा धोका साधारण साडेसात हजार पावलांपर्यंत कमी होत गेला आणि मग रेषा सपाट झाली. तरीही आज रात्री जेवण झाल्यावर कितीतरी लोक दिवाणखान्यात येरझारा घालून उरलेली सातशे पावलं पुरी करतात, आणि ती झाली नाहीत तर स्वतःला आळशी म्हणतात. अटींवर मिळणारी लायकी ती हीच. फरक एवढाच, की पूर्वी ती वडिलांच्या डोळ्यांत दिसायची आणि आता हिरव्या वर्तुळात दिसते.

मग असं यंत्र रॉजर्सच्या घरात शिरू तरी कसं द्यायचं, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप घेणाऱ्यांना इतिहास ठाऊक नसतो असं नाही, पण त्यातला एक भाग विसरला जातो. समुपदेशनाच्या खोलीत यंत्र आणलं ते खुद्द रॉजर्सनीच. १९४०च्या सुमारास ओहायो राज्य विद्यापीठात त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मुलाखती ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. टेपरेकॉर्डर हाताशी नव्हते. आवाज तबकड्यांवर कोरला जायचा आणि दर काही मिनिटांनी तबकडी बदलावी लागायची. १९४२ च्या पुस्तकात ‘हर्बर्ट ब्रायन’ या बदललेल्या नावाने छापलेला आठ मुलाखतींचा शब्दशः वृत्तान्त असाच तयार झाला. मुलाखती पहिल्यापासून शेवटपर्यंत जशाच्या तशा छापण्याचा तो जवळजवळ पहिलाच प्रयत्न. पण त्या तबकड्यांचा खरा उपयोग वेगळाच झाला. आपण समोरच्याला बोलू देतो असं समजणाऱ्या समुपदेशकांनी स्वतःचं बोलणं ऐकलं, आणि आपण किती वेळा मध्ये तोंड घालतो, किती सहज सल्ला देतो, हे त्यांच्या कानांवर आलं. यंत्राचं तोंड समुपदेशकाकडे होतं. या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्या गोष्टीवर उभं आहे, त्याकडे पुढे येतो.

शरीराची मोजमापंही रॉजर्सच्या वर्तुळाला वर्ज्य नव्हती. रॉजर्स शिकागोत असताना तिथल्या संशोधनात विल्यम थेटफोर्ड यांनी मुद्दाम वैताग आणणारं काम देऊन माणसांची हृदयगती आणि त्वचेची विद्युत प्रतिक्रिया नोंदली. समुपदेशनातून गेलेली माणसं तशा वैतागातून अधिक लवकर सावरतात असं त्यात दिसलं. तेव्हा हृदयाचे ठोके मोजणं आणि माणसाला केंद्रस्थानी ठेवणं यांत मुळात भांडण नाही. भांडण सुरू होतं ते मोजलेल्याचा अर्थ कोण लावतो यावर.

यंत्र नेमकं काय मोजतं हे समुपदेशकाला ठाऊक हवं. तपशिलात जायचं कारण नाही, पण अंधारातही राहू नये. घड्याळाच्या पाठीला हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. प्रत्येक ठोक्याला मनगटाच्या बारीक वाहिन्यांत रक्त भरतं आणि ओसरतं, परत येणारा प्रकाश तसा कमीजास्त होतो, आणि त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असेल किंवा बांगड्यांच्या गर्दीत घड्याळ पुढेमागे सरकत असेल, तर मोजणी चुकते. हालचाल टिपणारा दुसरा भाग पावलं मोजतो. तो हाताच्या झोक्यावर अवलंबून असल्यामुळे भाजीची पिशवी धरलेला किंवा ट्रॉली ढकलणारा हात त्याला फारसा दिसत नाही. झोपेचं तर सगळंच अनुमान. झोपेच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, स्नायूंचा ताण नोंदवतात. घड्याळाकडे असतात फक्त हालचाल आणि ठोके. छताकडे बघत निश्चल पडून राहिलेला माणूस त्याला झोपलेला वाटू शकतो. आमच्या कामात हे वाक्य भिंतीवर लावावं इतकं महत्त्वाचं आहे, कारण आमच्याकडे येणारी माणसं रात्री नेमकं तेच करत असतात.

‘स्ट्रेस’ म्हणून जो आकडा दिसतो तो बहुतेक घड्याळांत दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या चढउतारावरून काढतात. निरोगी हृदय घड्याळाच्या टिकटिकीसारखं एकसारखं चालत नाही. श्वास घेताना ते किंचित घाईत असतं, सोडताना किंचित निवांत. शरीर सावध झालं की हा फरक कमी होतो. पण सावध कशाने झालं? चहाने, तापाने, जिना चढल्याने, रात्रीच्या दारूने, भीतीने की आनंदाने? यंत्राला हे कळायचा मार्गच नाही. पुण्यात गणपतीच्या आधी काही आठवडे नदीकाठी ढोलपथकांचे सराव चालतात. ढोल कमरेला बांधून दोन तास वाजवणाऱ्या मुलीचं घड्याळ त्या वेळेला लाल पट्टी दाखवणार. उत्साही समुपदेशक म्हणणार, “बुधवारी संध्याकाळी बराच ताण आला होता वाटतं.” आणि ती मनात म्हणणार, आठवड्यातले तेवढेच दोन तास तर माझे होते. पुढच्या भेटीत ती ढोलाचा विषय काढणार नाही.

यापेक्षा मोठा धोका वेगळा आहे. १९६६ मध्ये स्टुअर्ट व्हालिन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. तरुण पुरुषांना स्त्रियांची छायाचित्रं दाखवली आणि सोबत त्यांच्याच हृदयाचे ठोके म्हणून काही आवाज ऐकवले. ठोके खोटे होते. काही छायाचित्रांना ते मुद्दाम बदलले होते, काहींना नाही. ज्या छायाचित्रांना आपलं हृदय ‘बदललं’ असं त्यांना वाटलं, तीच त्यांना जास्त आकर्षक वाटली. म्हणजे शरीराबद्दल बाहेरून मिळालेली बातमी, खोटी असली तरी, भावनेला आकार देते. आता सकाळी उठल्या उठल्या ‘आज तुमची ऊर्जा कमी आहे’ असं वाचणाऱ्या माणसाचा दिवस डोळ्यांसमोर आणा.

म्हणून या पुस्तकात एकच नियम आग्रहाने मांडला आहे, बाकी सगळं त्याच्या तपशिलाचं काम. आधी सांगायचं, मग बघायचं. झोप कशी झाली ते आधी स्वतःच्या शब्दांत, अंगाला विचारून सांगायचं. घड्याळ उघडायचं ते त्यानंतर. आठवडा कसा गेला ते आधी बोलायचं, मग हवं तर आलेख. क्रम उलटा झाला की आकडा सांगतो आणि माणूस मान डोलावतो. क्रम सुलटा असला की आकडा जुळो वा न जुळो, बोलायला काहीतरी मिळतं. न जुळला तर जास्तच मिळतं.

एक उदाहरण घेऊ. या बाई खऱ्या नाहीत. निरनिराळ्या भेटींतले तुकडे जोडून उभ्या केल्या आहेत. शाळेत शिकवतात, वय पंचेचाळीसच्या आसपास, घड्याळ लेकीने दिलेलं. खुर्चीत बसता बसताच फोन पुढे करतात.

“मॅडम, हे बघा, मंगळवारी किती वर गेलंय.”

समुपदेशक फोन हातात घेत नाही. “बघू या. त्याआधी, मंगळवार तुम्हाला कसा आठवतो?”

“मंगळवारी काही नव्हतं हो. सोमवारी होतं. स्टाफरूममध्ये मोठ्या बाईंनी सगळ्यांच्या वर्गांचे निकाल वाचून दाखवले. माझा वर्ग शेवटी.”

“सगळ्यांसमोर.”

“सगळ्यांसमोर. मी आपली वह्या तपासत बसले. काही वाटलं नाही.” थोडं थांबून, “म्हणजे हात गार पडले होते. लाल पेन धरवत नव्हतं.”

मग त्या स्वतःच फोन उघडतात. सोमवारी दुपारी रेषा सपाट. मंगळवारचं शिखर संध्याकाळचं: सोसायटीची लिफ्ट बंद होती आणि आठवड्याचं सामान घेऊन त्या चार मजले चढल्या होत्या. त्यांना हसू येतं. नंतर त्या बराच वेळ सोमवारच्या सपाट रेषेकडे बघत राहतात.

“यात तर काहीच दिसत नाही.”

“यात दिसत नाही. हात गार पडल्याचं मात्र तुम्हाला आठवतंय.”

“घरी कुणाला बोलले नाही मी. लेक पण हे बघते ना तिच्या फोनवर. तिला वाटत असेल, आई मजेत आहे.”

या प्रसंगात घड्याळाने काहीही शोधून काढलं नाही. उलट ते गप्प बसलं. त्याच्या गप्प बसण्यामुळे बाईंना स्वतःच्या गार हातांची साक्ष अधिक वजनदार वाटली, आणि ‘काही वाटलं नाही’ या वाक्याच्या आत त्या पोहोचल्या. आलेख आधी उघडला असता, तर तास सगळा मंगळवारच्या शिखरावर आणि लिफ्टवर गेला असता. रॉजर्सचे सहकारी युजीन जेंडलिन यांनी पुढे शरीरात आधी जाणवणाऱ्या, पण शब्दांत न उतरलेल्या अर्थावर आयुष्यभर काम केलं. गार पडलेले हात हा तसाच न उतरलेला अर्थ. तो पकडायला घाई चालत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे समुपदेशनात रॉजर्सपेक्षा विवेकनिष्ठ पद्धतीचे अल्बर्ट एलिस जास्त रुजले, आणि त्याचं मोठं श्रेय डॉ. कि. मो. फडके यांच्या अनेक दशकांच्या कामाला आहे. विवेकनिष्ठ पद्धतीचा समुपदेशक घड्याळाकडे पुरावा म्हणून बघू शकतो. “मला कधीच झोप लागत नाही” असं म्हणणाऱ्याला तो विचारू शकतो, “कधीच? या आठवड्यातले हे चार दिवस काय म्हणतात?” त्या पद्धतीत हे रास्त आहे आणि उपयोगीही पडतं. पण तिथे शिकलेला हात व्यक्तिकेंद्रित खोलीत आला की नकळत तेच करतो, आणि इथे त्याचा परिणाम उलटा होतो. ज्याचं म्हणणं आधीच घरात कुणी खरं मानत नाही, त्याला इथेही पुराव्यानिशी खोटं पाडल्यासारखं वाटतं. शिवाय मनगट पुढे करून निदानाची वाट बघायची सवय आपल्याला वैद्यांच्या काळापासूनची आहे. नाडी दाखवली की समोरचा सांगणार, काय झालंय ते. क्लायंट त्याच अपेक्षेने फोन पुढे करतो. तो न घेणं हा उद्धटपणा वाटू नये, अशा रीतीने न घेणं हे कौशल्य आहे. दुसरं प्रकरण जवळजवळ सगळं त्यावरच खर्ची पडलं आहे.

कुणाच्या बाबतीत घड्याळाचा विषय काढूच नये, तेही लिहिलं आहे. खाण्यापिण्याशी ज्याचं नातं बिघडलेलं आहे त्याच्या हाती कॅलरीचा हिशेब म्हणजे चाबूक. ज्याला घाबरण्याचे झटके येतात तो दर पाच मिनिटांनी ठोके बघतो, आणि बघण्यानेच ते वाढतात. झोपेबाबत तर २०१७ मध्ये केली बॅरन आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची नोंद केली, ज्यांना यंत्रातली झोप परिपूर्ण करण्याचा ध्यास लागला होता आणि प्रयोगशाळेतल्या तपासणीपेक्षा मनगटावरच्या आकड्यावर ज्यांचा जास्त विश्वास होता. घड्याळाने हृदयाची लय अनियमित असल्याचा इशारा दिला, तर त्यावर चर्चा करत बसू नये, डॉक्टरकडे पाठवावं. आणि नुसतं यंत्र दिलं की माणूस सुधारतो, हा समज सोडून द्यावा. पिट्सबर्गमध्ये झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आहार-व्यायामाच्या कार्यक्रमाला अंगावर घालायच्या यंत्राची जोड दिलेल्या तरुणांचं वजन दोन वर्षांत सरासरी साडेतीन किलोने घटलं. यंत्र नसलेल्यांचं सुमारे सहा किलोने.

गुप्ततेचा प्रश्न वरच्या प्रसंगात लेकीच्या फोनमधून आत आलाच आहे. आकडे कुठे जातात, कोण बघतं, हे पहिल्या एकदोन भेटींतच बोलून घ्यावं. घरच्यांशी जोडलेलं खातं, ऑफिसातली पावलांची स्पर्धा, कंपनीचा सर्व्हर, हे सगळे त्या खोलीत न बसलेले श्रोते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ उपचारातल्या गोपनीयतेचा हक्क मान्य करतो आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीची भाषा बोलतो. पण क्लायंटने रात्री अकराला व्हॉट्सॲपवर पाठवलेला झोपेचा स्क्रीनशॉट समुपदेशकाच्या फोनमध्ये महिनोन्‌महिने पडून राहतो, त्याची काळजी कायदा येऊन घेणार नाही. आमचा सल्ला सोपा आहे: घेऊ नका, ठेवू नका, जे बघायचं ते क्लायंटच्याच फोनवर आणि त्याच्याच बोटाने उघडलेलं.

राहिलं शेवटचं प्रकरण, तबकड्यांच्या गोष्टीतून आलेलं. आमची सूचना अशी, की या पद्धतीने काम करू इच्छिणाऱ्याने काही आठवडे आधी स्वतः घड्याळ वापरावं आणि तोच नियम स्वतःला लावावा. तास संपला की वहीत लिहायचं: आत्ताच्या पन्नास मिनिटांत माझं अंग कधी आखडलं, श्वास कधी वर अडकला, सल्ला द्यावासा कधी वाटला. मगच आलेख उघडायचा. प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा दिसतं ते असं, की समोरचा रडायला लागल्यावर शिकाऊ समुपदेशक ज्या क्षणी बोलायला लागतो, तो क्षण बहुधा समोरच्याच्या गरजेचा नसतो, स्वतःच्या अस्वस्थतेचा असतो. समुपदेशकाचा खरेपणा म्हणतात तो इथून सुरू होतो. चालू तासात मात्र स्वतःच्या मनगटाकडे चुकूनही बघू नये. समोरच्याला त्याचा एकच अर्थ कळतो: आटपा.

पुस्तकातले सराव घड्याळ असलेल्यांसाठी लिहिले असले तरी ते नसल्याने कुणाचं अडत नाही. दोन बोटं नाडीवर, भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा आणि शंभर पानी वही एवढ्यावर यातले बहुतेक सराव करता येतात, आणि काही तर तसेच जास्त चांगले होतात. तेव्हा समुपदेशनासाठी म्हणून कुणालाही घड्याळ विकत घ्यायला सांगू नये. ज्याच्या हातात ते आधीपासून आहे, त्याच्यासाठी पुढची पानं.